हौस आरमारी घड्याळांची

मोबाईलवर फुकट वेळ दिसत असताना मनगटावरच्या घड्याळासाठी कुणी लाखांनी पैसे मोजील, हे तुम्हांला खरं वाटणार नाही. पण असा शौक आहे, आणि त्यात आरमाराचा वारसा सांगणाऱ्या ‘लिमिटेड एडिशन’ घड्याळांचा मान मोठा. आपल्या उमरीला समुद्र कुठला, म्हणाल. अहो, हौसेला समुद्र लागत नाही! उद्या घरात हा विषय निघालाच, तर चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

घड्याळाचं नि जहाजाचं नातं जुनं आहे. निघाल्या बंदराची वेळ आणि जहाजावरची वेळ यांत चार मिनिटांचा फरक पडला, की जहाज एक रेखांश सरकलं असं समजायचं. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे १११ किलोमीटर! घड्याळ चुकलं की जहाज खडकावर. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य वेचून केलेलं घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर गेलं आणि ८१ दिवसांत जेमतेम पाच सेकंद मागं पडलं.

इटलीची पानेराई पेढी नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळं करी. सामान्य गिऱ्हाइकासाठी त्यांनी ती १९९३ साली काढली, तीही मोजकीच. तेव्हा विकत घेताना विचारावं : हे घड्याळ खरंच आरमाराने वापरलं, की नुसता नांगर छापलाय? आणि ‘मोजकी’ म्हणजे किती, पाचशे की पाच हजार?

एवढे पैसे नसले तरी हौस भागते. १९६१ पासून घड्याळं करणाऱ्या आपल्या एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं २०१६ साली ठरलं. तेव्हापासून तिची जुनी चावीची घड्याळंही लोक हौसेनं जमवतात. मात्र जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवून ‘दुर्मीळ’ म्हणून विकणारे पुष्कळ. तबकडी फारच कोरी करकरीत दिसली, तर पाकीट आवरा.

आता खरी काळजीची गोष्ट. अंधारात दिसावेत म्हणून पूर्वी लष्करी घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग देत. १९२० च्या आसपास अमेरिकेत हे काम तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक यावं म्हणून त्या तो ओठांत धरीत. रेडियम पोटात गेलं, जबडे झडले, कित्येकजणी दगावल्या. तुम्ही म्हणाल, आमचं जुनं घड्याळ आता चमकत नाही. चमक जाते ती रंगातल्या दुसऱ्या द्रव्याची. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात! म्हणून असं घड्याळ घरात असेल, तर सुरीच्या टोकाने झाकण उचकटू नका, आकडे खरवडू नका. काच फुटली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि घड्याळजीकडे देताना त्यालाही आधी सांगा. तो बिचारा दिवसभर त्यावरच वाकलेला असतो.