आतल्या कोपऱ्यातलं काम

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात, फ्रान्सच्या सीमेलगत, व्हाले द जू नावाचं खोरं आहे. पूर्वी बर्फ पडला की इथली शेतं महिनोन् महिने बंद राहत, आणि त्या दिवसांत घराघरांत घड्याळांचे भाग घडत. याच खोऱ्यातल्या ल सोलिया गावी, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, फिलिप द्युफूर यांनी आपली कार्यशाळा थाटली. 2000 साली त्यांनी ‘सिम्प्लिसिटी’ हे मनगटी घड्याळ आणलं. तास, मिनिटं आणि खालच्या छोट्या वर्तुळात सेकंद, बस्स. तारीखसुद्धा नाही. अशी दोनशेच्या आसपास घड्याळं झाली; 2020 मध्ये त्यातलं एक जिनिव्हाच्या लिलावात दहा लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं.

एवढं त्यात काय आहे, ते घड्याळ उलटं करून, मागच्या काचेला भिंग लावल्यावर कळतं.

चाकं जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीला ब्रिज म्हणतात. यंत्रातून कापून निघालेल्या ब्रिजची कड खरखरीत असते. कारागीर कानशीने तिला 45 अंशांचा उतार देतो, मग अधिकाधिक बारीक कागदांनी ती घासत जातो. शेवटचा हात जेंशनच्या वाळलेल्या दांड्याचा. पिवळ्या फुलांचं हे झाड जुराच्या कुरणांत उगवतं. त्याच्या मऊ लाकडाला हिऱ्याची पूड लावून कड उजळतात. सगळ्यात अवघड जागा म्हणजे आत वळणारा कोपरा. फिरतं हत्यार तिथे गोलाई सोडतं. दोन उतार एका टोकदार रेषेत मिळवायचे, तर हातच हवा. आणि ऐन शेवटी कानस घसरली, तर पूर्वीची सगळी मेहनत गेली.

पोलादाची तऱ्हा निराळी. कथलाच्या सपाट ठोकळ्यावर लेप लावून स्क्रूचं डोकं घासत राहायचं. जमलं, की ते एका कोनातून काळंभोर दिसतं आणि घड्याळ जरा कललं की लख्ख पांढरं. धुळीचा एखादा कण मध्ये आला की ओरखडा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

या झिलईने घड्याळ अधिक अचूक होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर चाचणीत दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा असते. सेलवरच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ते घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदच चुकतं. 1969 च्या डिसेंबरात सेकोचं ‘अॅस्ट्रॉन’ हे स्फटिकावर चालणारं मनगटी घड्याळ टोकियोत विकायला आलं, तेव्हाच अचूकतेचा निकाल लागला. पण यांत्रिक घड्याळाचा झिजलेला आस कुशल घड्याळजी लेथवर नवा घडवू शकतो. म्हणूनच अठराव्या शतकातली घड्याळं आजही चालवता येतात. जळालेल्या सर्किटला ही सोय नाही.

घड्याळासाठी लाखो रुपये मोजणाऱ्याने ब्रँडचं नाव आणि सोन्याचं वजन नंतर बघावं, आधी भिंग मागावं. कित्येक महागड्या घड्याळांची कड यंत्रानेच कापलेली असते. आत वळणारा टोकदार कोपरा कुठेच सापडला नाही, तर ते हातकाम टाळता यावं म्हणूनच ब्रिजचा आकार तसा आखला आहे का, हे विक्रेत्याला विचारावं, आणि उत्तर ऐकूनच किमतीचं बोलावं.