चित्राची स्पष्टता आणि खर्चाचा हिशेब

महिनाअखेरीस घरोघरी जे लहानसहान वाद होतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. डिशचा रिचार्ज संपल्याची सूचना पडद्यावर झळकते आणि रक्कम पूर्वीपेक्षा वाढली कशी, एचडी वाहिन्या ठेवाव्यात की काढाव्यात, याची चर्चा सुरू होते. चिरंजीव म्हणतात, एचडीवाचून क्रिकेट पाहण्यात अर्थ नाही. आजी म्हणतात, ‘अरे, मला तर दोन्ही सारखीच दिसतात.’ वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कोणाचे म्हणणे कोणत्या घरात खरे, याचा निर्णय जाहिरातीपेक्षा घरातील मोजपट्टीच अधिक चांगला करील. मावळातील, विशेषतः लोणावळ्याकडील घरांना मात्र त्या मोजपट्टीच्या जोडीला पावसाचाही विचार करावा लागतो.

प्रथम दराची रचना पाहू. 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या पद्धतीत बिलाचे दोन भाग झाले. पहिला भाग वाहिन्या घरापर्यंत आणून देण्याच्या शुल्काचा आणि दुसरा प्रत्यक्ष वाहिन्यांच्या किमतीचा. पहिल्या शंभर साध्या वाहिन्यांसाठी हे शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये ठरले. 18 टक्के कर धरून ते 153 रुपये 40 पैसे होई. एक एचडी वाहिनी या मोजणीत दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. पॅकमध्ये घालावयाच्या वाहिनीची किंमत 19 रुपयांहून अधिक नसावी, असाही नियम होता. 2020 साली प्राधिकरणाने ही मर्यादा 12 रुपयांवर आणली, तेव्हा प्रक्षेपक मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2021 साली न्यायालयाने प्राधिकरणाचे नियम बहुतांशी ग्राह्य धरले. तथापि नोव्हेंबर 2022 मध्ये प्राधिकरणानेच ती मर्यादा पुन्हा 19 रुपये केली आणि फेब्रुवारी 2023 पासून नवे दर आले. पुढे जुलै 2024 मध्ये 130 रुपयांच्या शुल्कावरील बंधनही काढण्यात आले. तात्पर्य, दर आवरण्याचे काम आता पूर्वीइतके नियमांवर सोपवून चालणार नाही. ते ग्राहकाच्या निवडीवर आले आहे.

उदाहरणादाखल एखादी साधी वाहिनी 10 रुपयांस आणि तिचीच एचडी आवृत्ती 19 रुपयांस आहे, असे समजू. फरक 9 रुपयांचा. करासह 10 रुपये 62 पैसे. वर्षाला तो 127 रुपये 44 पैसे होतो, आणि अशा दहा वाहिन्या असल्यास 1274 रुपये 40 पैसे. शिवाय पुष्कळ घरांत एकाच वाहिनीच्या साध्या व एचडी अशा दोन्ही आवृत्त्या घेतलेल्या आढळतात. एकच मालिका पाहण्यासाठी हे दुहेरी मोल आपण नकळत देत असतो.

या अधिक पैशांत आपणांस मिळते काय? साध्या चित्रात 576 ओळी आणि प्रत्येक ओळीत 720 बिंदू, म्हणजे एकूण 4,14,720 बिंदू असतात. एचडी चित्रात 1080 ओळी व प्रत्येकीत 1920 बिंदू, म्हणजे 20,73,600; बरोबर पाचपट. परंतु बिंदू पाचपट झाले म्हणून दिसणेही पाचपट होते असे नव्हे. निरोगी डोळा साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा ओळखू शकत नाही. या हिशेबाने 32 इंची पडद्यावरील साध्या चित्राच्या ओळी सुमारे 8 फुटांपलीकडे एकमेकींत मिसळून जातात. 43 इंची पडद्यासाठी हे अंतर सुमारे साडेदहा फूट आणि 55 इंचीसाठी 13 फुटांहून थोडे अधिक येते. तेव्हा लहान पडदा असून दहा फुटांवर बसणाऱ्या आजींचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. चिरंजीवांची बाजूही अगदीच लंगडी नाही. साध्या वाहिन्यांची माहिती पुष्कळदा फार दाबून पाठविली जाते. त्यामुळे वेगाने धावणारा चेंडू फिसकटलेला दिसतो, आणि तो दोष लांबूनही डोळ्यांत भरतो. म्हणून खेळांसाठी एचडीचे मोल अधिक; बातम्या, कीर्तन किंवा जुने चित्रपट यांसाठी बरेच कमी.

आता पावसाकडे वळू. उपग्रह आपल्यापासून सुमारे 36,000 किलोमीटरांवर आहे, पण संकेताची खरी परीक्षा होते ती अखेरच्या पाचसहा किलोमीटरांत. घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटीमीटर असते. टपोऱ्या थेंबांत त्या शोषल्या जातात आणि विखुरतात. पुण्यात वर्षाकाठी 700 मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात 4000 मिलीमीटरांहून अधिक. 1973 साली सिंहगडावरून पुण्यास दूरदर्शन दिसू लागले, त्या काळी संकेत क्षीण झाला तरी पडद्यावर मुंग्यांसारखे ठिपके येत आणि त्यांतूनही माणसांचे चेहरे ओळखू येत. आजच्या अंकीय पद्धतीत ती सवलत नाही. चित्र प्रथम चौकटीचौकटींनी थबकते आणि मग एकदम नाहीसे होते. लहरीवर माहिती जितकी दाटीने बसवावी, तितका संकेत स्वच्छ लागतो. त्यामुळे काही सेवांत एचडी वाहिन्या साध्या वाहिन्यांच्या आधी बंद पडू शकतात.

घाटमाथ्यावर या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. ज्यांची मुले पुण्यामुंबईस नोकरीला आहेत, अशा वृद्धांना आषाढ-श्रावणात घराबाहेर पडणे कठीण होते. त्यांच्या दृष्टीने दूरचित्रवाणी ही केवळ चैन नाही. ती दिवसभराची सोबत आहे. त्यांना पाचपट बिंदूंपेक्षा न तुटणारे चित्र अधिक हवे असते. एचडीतून वाचलेले पैसे मोठ्या डिशकडे वळविता येतात. 60 सेंटीमीटर व्यासाच्या डिशऐवजी 90 सेंटीमीटरांची बसविली, तर तिचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि संकेतही तेवढाच अधिक गोळा होतो. मुसळधार सरींत तीही हार खाईल, पण मध्यम पावसात टिकून राहील. मृगापूर्वी तारेचे गंजलेले जोड बदलणे आणि डिशसमोर वाढलेली फांदी छाटणे, हे उपाय तर याहूनही स्वस्त आहेत. ज्यांना मासिक खर्चच झेपत नाही, त्यांना दूरदर्शनच्या फ्री डिशची वाट मोकळी आहे. तिला मासिक शुल्क नाही आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनीही दिसते. पाऊस मात्र तिलाही चुकत नाही.

तेव्हा पुढील रिचार्जपूर्वी एक संध्याकाळ या परीक्षेसाठी द्यावी. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या जागी बसावे आणि एकाने एकच वाहिनी साधी व एचडी अशी आलटून पालटून, न सांगता लावावी. ज्या वाहिनीवर फरक ओळखू आला, तिचीच एचडी आवृत्ती ठेवावी आणि बाकीच्या खुशाल काढाव्यात. क्रिकेटचा हंगाम संपला की खेळाच्या वाहिन्यांचाही फेरविचार करावा. मात्र ही परीक्षा घेताना आजींची खुर्ची पुढे ओढू नये. त्या रोज जेथे बसतात, तेथूनच त्यांना काय दिसते ते विचारावे.