भरल्या कोठीतला उपास

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर हवामान खात्याची कचेरी आहे. मे महिन्यात तेथला पारा चाळिशीला टेकला की, जवळच्या ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मी काही दिवस पाहुणा म्हणून बसत असे, तेथे जंतू वाढविण्याचे ३७ अंशांचे कपाट रस्त्यापेक्षा गार असल्याची थट्टा हमखास होई.

त्या कपाटासाठी तीन पेट्री डिश तयार होत होत्या. तिन्हींत ग्लुकोज, अमोनियाचे क्षार आणि अगार एवढाच शिधा. दुसरीत वर व्हॅलिन हे अमिनो आम्ल, तिसरीत व्हॅलिन व आयसोल्युसिन दोन्ही. जंतू ई. कोलायच्या के-१२ घराण्याचे, १९२२ साली स्टॅनफर्ड येथे एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळे काढलेले. आदल्या रात्री पौष्टिक रसात पोसलेले हे जंतू पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. हा उपद्व्याप मी एकदा टाळला. दुसऱ्या दिवशी जी डिश कोरी राहावयाची तिच्यावर धुरकट साय धरलेली दिसली, आणि सारी प्रयोगशाळा ज्यांना अण्णा म्हणे त्या मदतनिसांनी चकार शब्द न काढता मिठाच्या पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकविली.

नीट धुऊन पेरल्यावर पहिली व तिसरी डिश पांढऱ्या ठिपक्यांनी भरली. दुसरी, जिच्यात अधिक अन्न वाढले होते तीच, स्वच्छ कोरी! याला जबाबदार ॲसिटोलॅक्टेट सिंथेज नावाचे विकर. ते पायरुवेटच्या दोन रेणूंची सांगड घालते तेव्हा व्हॅलिन आणि ल्युसिन यांची वाट खुली होते. पायरुवेटला कीटोब्युटिरेटची जोड दिली म्हणजे आयसोल्युसिनची. व्हॅलिनची कोठी भरल्याची वर्दी येताच हा कारकून दप्तर बांधून मोकळा होतो, आणि एका खात्यात शिल्लक आहे एवढ्या सबबीवर दुसऱ्या खात्याचा भरणाही थांबल्यामुळे जंतू आयसोल्युसिनवाचून खोळंबतो. (असले कारकून मी माणसांच्या कचेऱ्यांतही पाहिले आहेत.) आपल्या देहात ही कचेरीच नाही, ही तिन्ही अमिनो आम्ले आपल्याला डाळी-दुधातूनच मिळवावी लागतात.

वस्तुतः के-१२ जवळ या विकराचे तीन प्रकार असावयाचे. त्यांपैकी दोन व्हॅलिनचा हुकूम मानतात; तिसरा मानत नाही, परंतु त्याच्या जनुकाच्या लिखाणातच चूक झाल्याने तो कामावरच नाही. कोरी डिश मी फेकणार, तोच अण्णांनी ती मागून घेऊन पुन्हा कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर दोन ठिपके उमटले होते. अशा बंडखोरांपैकी काहींत जनुकातील ती चूक आपोआप दुरुस्त झालेली असते.