स्वयंपाकघरातील औषधे : उपयोग आणि मर्यादा

उन्हाळ्याच्या तोंडावर रिसोड तालुक्यात हळदीची काढणी होते. कंद उकडून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडे बाजार समितीत येतात. जखम भरून काढण्यासाठी याच हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हे ज्ञान आपल्या घराघरांत पूर्वीपासून आहे, हे त्यामुळे जगाला मान्य करावे लागले. मात्र घरचा उपाय कुठे चालतो आणि कुठे थांबतो, हेही कळले पाहिजे.

हळद : रोजच्या भाजी-वरणातील हळद उत्तम. परंतु भाजलेल्या जागी किंवा बाळाच्या नाळेवर हळद लावू नये. भाजल्यास ती जागा वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. खिळा लागल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबत विचारावे. सुट्या पुडीत शिशाचा पिवळा रंग मिसळलेला असू शकतो, म्हणून हळकुंडे घेऊन दळून आणणे चांगले.

आले व मध : गरोदरपणातील मळमळीवर थोडे आले गुणकारी ठरते. मुलांच्या खोकल्यात रात्री झोपताना चमचाभर मध द्यावा. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये. त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते.

भाकरी व अंबाडी : ज्वारीच्या भाकरीतील व भाजीतील चोथ्याने पोट साफ राहते, सोबत पाणी भरपूर प्यावे. शरीरात लोह कमी असल्यास पालेभाजी, उसळ व डाळीवर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

जुलाब : यात खरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीच्या हजारो रुग्णांवर उपचार केले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. जीवनरक्षक क्षारांची (ओआरएस) पुडी सर्वांत चांगली. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. माप चुकवू नये. जास्त मीठ घातक ठरते. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. तांदळाची पेज व मीठ घातलेले ताकही चालते. अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांसाठी झिंकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र घरी थांबू नये. तसेच मेथीदाणे खातो म्हणून मधुमेहाची गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

आजीच्या बटव्याचा मान जरूर राखावा. पण वेळेवर दवाखाना गाठणे हाही त्यातलाच एक उपाय समजावा.