दुर्बीण अवकाशात कशासाठी?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखक तेव्हा नवी मुंबईच्या परिसरातील एका प्राथमिक शाळेत वर्गावर होता. हबल दुर्बिणीने टिपलेले एका दीर्घिकेचे रंगीत चित्र वर्तमानपत्रात छापून आले होते. ते मुलांस दाखवून आम्ही विचारले, “ही दुर्बीण जमिनीवर न ठेवता इतक्या उंचावर का बरे नेली असेल?” “तारे जवळून दिसावेत म्हणून!” असे वर्गाने एका सुरात सांगितले, आणि आम्ही “शाबास” म्हणून पुढचा धडा घेतला. ते उत्तर चूक होते. ही चूक आजही कित्येक वर्गांत होत असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम अंतराचा हिशेब पाहू. आपल्या देशाचा ‘अॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरू लागला. सूर्य वगळता आपणांस सर्वांत जवळचा तारा सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. हे प्रमाण आकड्यांनी मुलांच्या ध्यानी येणार नाही. ते असे सांगावे. वाशीच्या मनुष्यास दिल्ली जवळून पाहावयाची आहे, म्हणून तो दिल्लीच्या दिशेने पुढे सरकला, पण किती? तर डोक्यावरील एका केसाच्या जाडीहूनही कमी! दुर्बीण अवकाशात नेल्याने ती ताऱ्यांच्या जवळ गेली असे म्हणणे हे अशाच प्रकारचे होय.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तर हवेच्या वर जाण्यासाठी. ज्या हवेवाचून आपण क्षणभर जगू शकत नाही, तीच खगोलशास्त्रज्ञाच्या वाटेत उभी असते.

हवेचा पहिला उपद्रव नवी मुंबईच्या आसपासच्या शिक्षकांस निराळा सांगावयास नको. वाशी, बेलापूर, खारघर येथील दिव्यांचा प्रकाश हवेतील धूळ व बाष्प यांवर आदळून चोहोकडे पसरतो आणि आकाश राखाडी-तांबूस दिसू लागते. पनवेल-उरणकडील वृद्ध माणसे अंगणात बाजेवर पडून आकाशगंगा पाहिल्याचे सांगतात. त्यांच्या नातवंडांना ती पुस्तकातील चित्रातच भेटते. शिवाय कोकणात पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुधा झाकलेलेच असते.

दुसरा उपद्रव म्हणजे हवेची चळवळ. घमेल्यात पाणी घालून तळाशी एक नाणे ठेवावे आणि पाणी बोटाने किंचित हलवावे. नाणे जागचे हललेले नसते, तरी ते थरथरताना दिसते. ताऱ्यांचे लुकलुकणे हे याच जातीचे आहे. आपण हवेच्या तळाशी बसून वर पाहतो, आणि मधले थर सारखे हलत असतात. बालगीतांना हे लुकलुकणे प्रिय असले, तरी शास्त्रज्ञाच्या छायाचित्रात त्याने नुसता धुरकट ठिपका उमटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा प्रकाशाच्या एका मोठ्या कुटुंबातील लहानसा भाग आहे. तापलेली इस्त्री अंधारात दिसत नाही, पण जवळ नेलेल्या हातास तिची ऊब लागते. ती ऊब आणणारे अवरक्त किरण हे या कुटुंबातीलच. अतिनील किरण, क्ष-किरण, रेडिओलहरी हीही त्याच घरची माणसे. यांपैकी दृश्य प्रकाश व बऱ्याचशा रेडिओलहरी हवा खाली येऊ देते. म्हणूनच जुन्नर तालुक्यातील खोडदची ३० प्रचंड अँटेनांची रेडिओ दुर्बीण जमिनीवर राहूनही उत्तम काम करते. क्ष-किरण मात्र हवेच्या वरच्या थरांतच अडतात, अतिनील व अवरक्त किरणांचा मोठा भागही वाटेत शोषला जातो. आपल्या जीविताच्या दृष्टीने हे इष्टच आहे. परंतु त्या किरणांनी आणलेला निरोप ऐकावयाचा, तर हवेबाहेर गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

क्ष-किरण कोणता निरोप आणतात? कृष्णविवराच्या भोवती गरगरणारा वायू त्यात पडण्यापूर्वी कित्येक लक्ष, कधी कोट्यवधी अंश तापतो व क्ष-किरण फेकतो. अॅस्ट्रोसॅटवरील तीन प्रमुख क्ष-किरण उपकरणे मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर, कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांपैकी एका दुर्बिणीची रचना मुलांस सांगण्याजोगी आहे. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले, तर परत फिरत नाहीत, आत शिरतात. पण तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी अगदी तिरकी फेकली, तर ती न बुडता टप्पे घेत पुढे जाते ना? तद्वत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांना घासून जातील इतके तिरके हे किरण घेतले, म्हणजे ते वळतात व एके ठिकाणी गोळा करता येतात.

त्याच उपग्रहावर अतिनील प्रकाशाची जुळी दुर्बीण आहे. तिचा आरसा अवघा साडेसदतीस सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे घरातील परातीएवढा. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेतील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण शोधून काढले व २०२० साली ते प्रसिद्ध केले. ज्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तिला ते आढळले नव्हते. परातीने हौदावर मात कशी केली? उपकरणाची स्वतःची ‘कुरबूर’ अत्यंत कमी होती, हे त्याचे कारण. बाजाराच्या गोंगाटात कुजबूज ऐकू येत नाही, रात्रीच्या शांततेत येते.

आता दुसऱ्या टोकाकडे, अवरक्त प्रकाशाकडे वळू. विश्व प्रसरण पावत आहे, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेकडून निघालेल्या प्रकाशाच्या लहरी प्रवासात ताणल्या जातात. फुग्यावर शाईने नागमोडी रेघ काढून तो फुगवावा. रेघेची वळणे एकमेकांपासून लांब जातात, तसेच हे. अशा रीतीने मूळचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत येईतो अवरक्त झालेला असतो. तो टिपण्यासाठी २५ डिसेंबर २०२१ रोजी ‘जेम्स वेब’ दुर्बीण पाठविण्यात आली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा असून १८ तुकड्यांचा आहे, आणि ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर आहे. इस्त्रीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. दुर्बीणच उबदार राहिली, तर ती स्वतःच अवरक्त किरण फेकू लागेल. म्हणून पाच पदरी पडद्याच्या सावलीत तिला उणे २३० अंशांच्या आसपास थंड ठेवले आहे.

या दुर्बिणीने जमविलेल्या नोंदी तपासताना पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांना एक विलक्षण दीर्घिका सापडली. २०२५ च्या नोव्हेंबरात हा शोध जाहीर झाला. तिचा प्रकाश निघून सुमारे १२०० कोटी वर्षे लोटली आहेत व वाटेत त्याच्या लहरी पाचपट ताणल्या आहेत. विश्वाचे वय अवघे १५० कोटी वर्षे असताना ती जशी होती, तशी ती आज आपणांस दिसते. आणि दिसते कशी? तर आपल्या आकाशगंगेप्रमाणे दोन सुबक सर्पिल बाहू पसरलेली. तीमधील ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १००० कोटी सूर्यांएवढे आहे. एवढ्या आरंभीच्या काळी दीर्घिका ओबडधोबडच असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा समज होता. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात. मंदाकिनी व अलकनंदा या हिमालयातील भगिनी नद्या, म्हणून या दीर्घिकेस ‘अलकनंदा’ हे नाव देण्यात आले. इतक्या थोड्या अवधीत हे बाहू कसे तयार झाले, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही, हेही मुलांस अवश्य सांगावे. पाठ्यपुस्तकात न सुटलेले प्रश्न क्वचितच असतात.

चित्र दाखविताना एक सावधगिरी घ्यावी. अवरक्त चित्रांतील रंग हे डोळ्यांना दिसतील असे मागाहून दिलेले असतात. नकाशात पाऊसमान दाखविण्यास आपण रंग भरतो, तसाच हा संकेत होय. त्यात फसवणूक नाही, पण न सांगितल्यास मुलांचा गैरसमज होतो.

दुर्बीण नसलेल्या शाळेसही एक दीर्घिका पाहता येते. नोव्हेंबर-डिसेंबरात चंद्र नसलेल्या रात्री आठच्या सुमारास डोक्यावरून किंचित उत्तरेकडे देवयानी दीर्घिकेचा फिकट, कापसासारखा पुंजका नुसत्या डोळ्यांस दिसतो. तो सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. खारघर-नेरूळच्या मैदानातून तो दिसण्याची आशा धरू नये. मुलांस कर्जतच्या आतल्या खेड्यांकडे न्यावे, बॅटरीवर तांबडा कागद बांधावा आणि डोळे अंधारास सरावण्यास अर्धा तास द्यावा.