९.३ की थर्टी-ऑट-सिक्स? मूसच्या शिकारीसाठी काडतूस निवडताना

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतो तसाच ठेवलाय, त्यामुळे वाक्यं थोडी इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या.

स्वीडनमधल्या मूसच्या शिकारीबद्दल बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, कुठलं काडतूस घेतलंस?" आणि त्याच्याबरोबर दुसरा: "शिकार? गुन्हा नाही का तो?" आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. स्वीडनमध्ये चित्र वेगळं आहे. इथं जंगलात मूस भरपूर आहेत. किती मारायचे याचा कोटा ठरतो, परीक्षा द्यावी लागते आणि प्रत्येक बंदुकीसाठी पोलिसांचा वेगळा परवाना लागतो. शिकार टोळीनं होते आणि मांस वाटून घेतलं जातं. मी नोकरीसाठी इथं आलो आणि शेजाऱ्यांच्या टोळीत ओढला गेलो. एवढीच आपली कथा.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या वर्षी मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि त्याची किंमत मी नाही, एका जनावरानं मोजली. ते पुढं सांगतो.

आकडे वाचायचे कसे?

भारतात बंदुकीचा विषय निघाला की "तीनशेपंधरा" हा शब्द कानावर येतोच. लष्करी काडतुसं आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये जातात, सामान्य माणसाला मिळत नाहीत. म्हणून ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ ची रायफल घरोघरी माहीत झाली. हा आकडा इंचात आहे. युरोपात मिलिमीटर चालतात. ९.३×६२ म्हणजे गोळी ९.३ मिलिमीटर जाड आणि पितळी कवच ६२ मिलिमीटर लांब. संपलं. .३०-०६ ला म्हणतात 'थर्टी-ऑट-सिक्स': .३० इंच बोअर, आणि ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी सैन्यानं ते घेतलं ते वर्ष.

'मीडियम बोअर' म्हणजे ढोबळमानानं .३३ ते .३७५ इंचांच्या मधली काडतुसं. हरणासाठी गरजेपेक्षा मोठी, हत्ती-गव्यासाठी जेमतेम. चारशे किलोचा मूस बरोबर त्यांच्या पट्ट्यात येतो.

टेबलावर काय काय होतं?

पहिलं ६.५×५५. १८९० च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वेच्या सैन्यासाठी बनलेलं. गोळी साधारण १० ग्रॅमची, वेग सेकंदाला ७८० मीटरच्या आसपास, धक्का अगदी सौम्य. स्वीडिश लोकांनी पिढ्यानपिढ्या यानंच मूस मारलेत.

दुसरं .३०-०६, आणि त्याचा धाकटा भाऊ .३०८. गोळी ११.७ ग्रॅम, थर्टी-ऑट-सिक्समध्ये वेग ८२० च्या आसपास. ऊर्जा जवळजवळ ३९०० ज्यूल. दारू-गोळी कुठल्याही दुकानात मिळते.

तिसरं ९.३×६२. बर्लिनचा बंदूक बनवणारा ऑटो बॉक यानं १९०५ मध्ये तयार केलं. त्याची हुशारी अशी, की साध्या माउझर ९८ रायफलमध्येच बसेल एवढं मोठं काडतूस त्यानं काढलं. आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांना महागडी इंग्लिश बंदूक परवडत नव्हती, त्यांना ही परवडली. १८.५ ग्रॅमची जड गोळी ७२० च्या वेगानं जाते, म्हणजे सुमारे ४८०० ज्यूल.

चौथा मोठा वर्ग: १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९५८ चं .३३८ विंचेस्टर मॅग्नम. ऊर्जा ५००० च्या वर. हे आफ्रिकेला आणि अलास्काला शोभतात.

अमेरिकेतल्या मित्रांनी .३५ व्हेलेनचं नाव घेतलं. काडतूस चांगलंच आहे. पण जिथं राहतो तिथल्या दुकानात मिळतं का, हा निवडीचा पहिला नियम. माझ्या गावातल्या दुकानात मिळत नव्हतं. विषय संपला.

कायदा काय म्हणतो?

स्वीडनमध्ये मूससाठी 'क्लास १' काडतूस लागतं. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल, तर १०० मीटरवर निदान २००० ज्यूल हवेत. ९ ते १० ग्रॅमच्या मधली असेल, तर २७०० ज्यूल. म्हणजे वरची सगळी काडतुसं पास. कायद्यानुसार ६.५ सुद्धा पुरेसं आहे. मग मोठं कशाला?

कारण फुप्फुसात गोळी लागलेला मूस जागच्या जागी पडेलच असं नाही. पन्नास-शंभर मीटर पळतो, आणि इथलं जंगल म्हणजे दाट पाइन, झुडपं, दलदल. जाड, जड गोळी बहुधा आरपार जाते. दोन भोकं पडली की रक्ताचा माग चांगला मिळतो. शिवाय वेग कमी असल्यामुळे भोकाभोवतीचं मांस कमी खराब होतं. ज्यांना हिवाळाभर तेच मांस खायचंय, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

तोटे? दूरवर गोळी लवकर खाली येते. १०० मीटरला शून्य केलेली ९.३ ची गोळी २०० मीटरवर साधारण वीस सेंटिमीटर खाली लागते. थर्टी-ऑट-सिक्सची बारा-तेरा. पण आमच्या जंगलात बहुतेक गोळ्या शंभर मीटरच्या आतच सुटतात, त्यामुळे हा तोटा कागदावरच राहतो.

खरा तोटा आहे धक्का.

माझी चूक

मी आकडे पाहिले, ४८०० ज्यूल पाहिले आणि ९.३×६२ ची जुनी, देखणी, तीन किलोचीही नसलेली रायफल घेतली. हलकी आहे, दिवसभर खांद्यावर मिरवता येईल, असा हिशोब. पण शाळेतलं भौतिकशास्त्र विसरलो. गोळी आणि दारूचा वायू जेवढ्या संवेगानं पुढं जातात, तेवढ्याच संवेगानं बंदूक मागं येते. तेच काडतूस चार किलोऐवजी तीन किलोच्या बंदुकीतून उडवलं, तर खांद्यावर येणारी ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. आणि मुळातच ९.३ चा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या साधारण दीडपट.

रेंजवर मी दहा गोळ्या मारल्या, खांदा निळा झाला, म्हटलं पुरे झाला सराव. ऑक्टोबरमध्ये कुत्र्यानं एक तरुण नर माझ्यासमोर आणला. सत्तर मीटर, आडवा, उभा. सोपी गोळी. मी चाप दाबला नाही, झटकला. डोळे आधीच मिटले होते.

गोळी मागं आणि खाली, पोटात लागली.

इथं नियम आहे, की जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा दोन तासांच्या आत हजर असला पाहिजे. तो आला. पण मूस सापडायला तीन तास लागले. शेवटची गोळी टोळीच्या म्होरक्यानं मारली, सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी. त्यांच्या हातात होती ६.५. कोणी मला एक शब्द बोललं नाही. ते सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी आजोबा एवढंच म्हणाले, "बंदूक चांगली आहे रे तुझी. पण तू तिला घाबरतोस."

मग काय बदललं?

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला रेंजवर नेलं. मॅगझिनमध्ये मला न दाखवता खऱ्या काडतुसांत एक डमी घातलं. चाप दाबल्यावर नुसतं 'टक' झालं, आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली! धक्का नव्हताच, तरी मी दचकलो होतो. ही चाचणी तुम्ही कुठलंही काडतूस घेण्याआधी करा. खोटं बोलता येत नाही तिच्यासमोर.

तो हिवाळा आणि पुढचं अख्खं वर्ष मी उसन्या ६.५ नं काढलं. ८० मीटरवरचं मूसचं चित्र, आधी स्थिर, मग रुळावरून पळणारं. शेकडो गोळ्या. त्या वर्षी एक मूस मारला, एका गोळीत, साठ पावलांवर पडला. म्हणजे ६.५ पुरलं की!

आता तुम्ही विचाराल, मग ९.३ विकली का? नाही. ती हलकी विकली आणि त्याच काडतुसाची जड रायफल घेतली. जाड रबरी पॅड, पुढं सायलेन्सर (बुलेटचा नाही हो, बंदुकीचा, इथं शिकाऱ्यांना चालतो, आणि कानाबरोबर खांदाही वाचवतो). सगळं मिळून साडेचार किलो. डमीची चाचणी पुन्हा केली. नळी हलली नाही. तेव्हाच जंगलात नेली.

थोडक्यात

पहिली रायफल घेताय? थर्टी-ऑट-सिक्स किंवा .३०८ घ्या, डोळे झाकून (म्हणजे निवडताना, चाप ओढताना नको). धक्का सोसत नसेल तर ६.५ मध्ये कमीपणा काहीच नाही. दाट जंगल, मोठं जनावर, आणि वर्षाला शेकडो गोळ्यांचा सराव, हे तिन्ही असेल तर ९.३×६२ सारखं काडतूस नाही. मॅग्नम मात्र मित्राच्या फोटोत बघून समाधान माना.

४८०० ज्यूल चुकीच्या जागी लागले तर तीन तास. ३००० योग्य जागी लागले तर साठ पावलं. माझ्याकडे दोन्हीचा हिशोब आहे, म्हणून सांगतोय.

पुढच्या भागात बोलू जंगलात मूस सोलून, तुकडे करून गावात कसा आणतात त्यावर. जेवताना ऐकू नका. भेटू!