‘समान’ आणि ‘पुरेसे जवळ’ : लिंटरची एक सूचना

मुद्रितशोधक लेखनातील दोष दाखवतो. लेखकाला काय म्हणायचे आहे हे मात्र तो ठरवत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असा मुद्रितशोधक असतो. त्याला ‘लिंटर’ म्हणतात. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘लिंट’ नावाचे साधन तयार केले, त्यावरून हे नाव रूढ झाले. लिंट म्हणजे कापडावरचे तंतू. ते वेचावेत तशी प्रोग्रॅममधील संशयास्पद विधाने हे साधन वेचून दाखवते. त्याची एक नेहमीची सूचना आपण भाषेच्या अंगाने अभ्यासू : ‘अपूर्णांकांची तुलना समान-चिन्हाने करू नका.’

१. सूचनेमागील कारण

संगणक फ्लोटिंग पॉइंट संख्या सामान्यतः द्विमान पद्धतीने साठवतो. या पद्धतीत अर्धा, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या आपल्या जुन्या संख्या नेमक्या बसतात. एक-दशांश मात्र बसत नाही. एक-तृतीयांश दशांशात लिहिताना जसे ३ चे अंक संपत नाहीत, तसेच येथे घडते. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते आणि ‘ही बेरीज ०.३ शी समान आहे का?’ या प्रश्नाला संगणक ‘नाही’ असे उत्तर देतो.

सोळा आण्यांच्या रुपयातील आणा, म्हणजे एक-षोडशांश, द्विमानात अचूक मावतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. माणसाचा हिशेब सोपा झाला; पण एक-शतांश द्विमानात अचूक मावत नाही. म्हणून रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत मोजणे हा एक उपाय आहे.

२. सूचनेचा अर्थ

निगडीच्या आसपास, पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कारखान्यांत, हा विचार नवा नाही. ड्रॉइंगवर ‘२० मिलिमीटर’ या मापाबरोबर ‘अधिक-उणे ०.०२’ अशी मर्यादा दिलेली असते. कामगार तिला टॉलरन्स म्हणतात. नग त्या मर्यादेत असला की पास होतो. लिंटर हीच वाक्यरचना सुचवतो : ‘समान आहे का?’ असे न विचारता ‘फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का?’ असे विचारा. पायथन भाषेत २०१५ पासून या प्रश्नासाठी तयार फंक्शन उपलब्ध आहे.

मात्र मर्यादा किती असावी, हे लिंटरला कळत नाही. ते संख्येच्या आकारावर आणि कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. कधी नेमकी समानताच अभिप्रेत असते. उदाहरणार्थ, भागाकारापूर्वी भाजक शून्य आहे का हे पाहताना. अशा वेळी कारण नोंदवून सूचना बाजूला ठेवावी.

३. सूचनेचे महत्त्व

लहान फरक साचत जातो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते. तेथील साठवणुकीची रीत वेगळी होती, पण अडचण तीच : एक-दशांश द्विमानात तोडून लिहावा लागला. सुमारे १०० तासांत ही त्रुटी सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली. तेथे दोष तुलनेच्या चिन्हाचा नव्हता. परंतु जवळच्या संख्येला नेमकी मानण्याची किंमत त्यातून कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘समान’, ‘सारखे’ आणि ‘जवळपास’ या शब्दांतील अर्थभेद आपल्या व्यवसायातील मोजमापाच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.